गाडी गॅरेजमध्ये अडकते ती नेमकी कोणापाशी?

अपघाताला तीन आठवडे झाल्यावर मी माझी गाडी बघायला गॅरेजमध्ये गेलो. एका कोपऱ्यात ती उभी होती. पुढच्या काचेवर पांढऱ्या मार्करने क्लेमचा नंबर लिहिलेला, बॉनेटवर धुळीचा थर आणि बंपरच्या जागी नुसती पोकळी. मार लागला होता पुढच्या डाव्या कोपऱ्याला, तोही अगदी हळू वेगात. गॅरेजवाले म्हणाले, "विमा कंपनीचं अप्रूव्हल यायचंय." मी तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "गॅरेजकडून सुधारित एस्टिमेटच आलेलं नाही." त्या दिवशी मला वाटलं, दोघांपैकी एक जण नक्की खोटं बोलतोय. तसं नव्हतं. गॅरेजने एस्टिमेट पाठवलं होतं, पण त्याला फोटो जोडले नव्हते. कंपनीच्या लेखी ते कागद आलेच नव्हते.

अपघातानंतरचा उशीर बहुतेक वेळा असा असतो. तो एका माणसाच्या टेबलावर नसतो, दोन टेबलांच्या मधल्या फटीत पडलेला असतो. ही फट कुठे कुठे असते हे कळलं की निम्मी चिडचिड कमी होते आणि योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारता येतो.

## पैसे एकाचे, काम दुसऱ्याचं, गाडी तिसऱ्याची

समजा, तुमच्या घराला रंग द्यायचा आहे, पण पैसे भरणार आहे भलताच कोणीतरी. रंगारी तुमच्या शब्दावर डबा उघडणार नाही. पैसे देणारा म्हणणार, आधी भिंत दाखवा. आणि रंग निघाला, पोपडे आले तर भांडायला रंगाऱ्याकडे जायचं की पैसे देणाऱ्याकडे, हे तुम्हालाच कळणार नाही.

गाडीच्या क्लेममध्ये नेमकं हेच होतं. तुमचा एक करार विमा कंपनीशी असतो, तो पैशांचा. दुसरा करार गॅरेजशी असतो, तो कामाचा. अनेकदा तिसरा करार कंपनी आणि गॅरेज यांच्यात असतो. मजुरीचा दर काय, बिल थेट कंपनी भरणार का, हे त्यात ठरलेलं असतं. हा तिसरा करार तुम्ही कधी वाचलेला नसतो, पण तुमच्या गाडीचे दिवस बरेचसे त्यावरच ठरतात. या सगळ्या कामाला मिळून एकच मालक नसतो, ही यातली खरी अडचण. प्रत्येक जण आपापला तुकडा संपवतो आणि पुढच्याने उचलला का, हे बघत नाही.

कंपनीला आधी भिंत बघायचीच का असते? कारण विमा हा नुकसान भरून देण्याचा करार आहे, फायदा मिळवून देण्याचा नाही. 1883 साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात एक खटला आला होता. एका घराच्या विक्रीचा व्यवहार ठरला आणि तो पुरा होण्याआधी घराला आग लागली. विकणाऱ्याने विम्याचे पैसे घेतले, शिवाय विकत घेणाऱ्याकडून घराची ठरलेली पूर्ण किंमतही घेतली. न्यायालयाने विमा कंपनीला तिचे पैसे परत घेऊ दिले. नुकसान झालं असेल तर ते पूर्ण भरून द्यावं, पण त्याहून एक पैसाही जास्त नको, हे तत्त्व त्यात पक्कं झालं. सर्व्हेअरची पाहणी, फोटो, जुन्या भागाच्या किमतीतली कपात, टोटल लॉसचं (दुरुस्तीऐवजी गाडीची किंमतच देण्याचं) गणित, हे सगळं याच एका तत्त्वातून निघतं. सर्व्हेअर म्हणजे कंपनीच्या वतीने नुकसान मोजणारा माणूस. तो तुमचा वैरी नसतो आणि वकीलही नसतो.

## "एवढ्याशा धक्क्याला इतके दिवस कसे?"

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि तो रास्त आहे. बाहेरून दिसतं ते एवढंसंच असतं.

पण बंपर ज्या प्लॅस्टिकचा असतो, ते दबतं आणि बऱ्याचदा पुन्हा आपल्या आकारात येतं. बाहेर एक ओरखडा आणि कोपऱ्यात तडा. बंपर उतरवला की मागे धक्का शोषणारा फोम असतो, त्यामागे आडवी धातूची पट्टी, आणि ती पट्टी गाडीच्या सांगाड्याला जोडणारे दोन छोटे डबे. धडकेत आधी आपण चुरगळायचं, म्हणजे मागचा सांगाडा वाचेल, एवढ्याचसाठी ते डबे असतात. माझ्या गाडीचा उजवा डबा सरळ होता. डाव्याला घडी पडली होती, पत्र्याच्या डब्यावर पाय पडल्यावर पडते तशी. त्याच्या शेजारी एसीचा कंडेन्सर एका बाजूने आत वाकलेला. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

म्हणून पहिलं एस्टिमेट हा खरोखर अंदाजच असतो. ओल आलेल्या भिंतीचं गिलावा खरवडल्याशिवाय खरं कळत नाही, तसंच हे. गाडी उघडल्यावर नवं नुकसान सापडतं, पुरवणी एस्टिमेट जातं, सर्व्हेअर पुन्हा बघतो, पुन्हा मंजुरी येते. ही दुसरी फेरी ज्यांनी हिशेबात धरलेली नसते, त्यांना ती फसवणूक वाटते.

इथे एक गोष्ट तुमच्या हातात असते. पहिली पाहणी होण्याआधीच गॅरेजला विचारा, "सर्व्हेअर येईल तेव्हा बंपर उतरवलेला असेल ना?" कंपनीची हरकत नसेल तर उघडून ठेवलेल्या गाडीची पाहणी एकाच फेरीत आटोपू शकते. बंद गाडीच्या पाहणीनंतर दुसरी फेरी जवळजवळ ठरलेलीच. मात्र कंपनीला कळवण्याआधी काहीही उघडू नका. जे मोजायचं आहे ते मोजणाऱ्याच्या आधी हललं, तर नवाच वाद उभा राहतो.

## पूर्वीच्या गाड्या आठ दिवसांत व्हायच्या, मग आता काय झालं?

जुन्या गाडीचा वाकलेला पत्रा तापवून, ठोकून सरळ करता यायचा. आजच्या गाडीत माणसं बसतात त्या भागाभोवतीचे खांब अनेकदा बोरॉन मिसळलेल्या, साच्यात गरमच दाबून घडवलेल्या पोलादाचे असतात. त्याची ताकद 1500 मेगापास्कलच्या घरात जाते, म्हणजे साध्या पत्र्याच्या कितीतरी पट. असं पोलाद पुन्हा तापवलं तर ती ताकदच निघून जाते. म्हणून ते सरळ करायचं नसतं. गाडी बनवणाऱ्याने जिथे सांगितलं असेल तिथे कापून नवा भाग जोडायचा असतो. ॲल्युमिनियमचं आणखी वेगळं. त्याला पोलादाची भुकटी लागली तर गंजाचा त्रास सुरू होतो, म्हणून त्याची हत्यारं वेगळी आणि जागाही शक्यतो वेगळी. 2015 च्या मॉडेलपासून फोर्डने एफ-150 हा आपला प्रचंड खपाचा पिकअप ॲल्युमिनियमच्या बॉडीत आणला, तेव्हा अनेक गॅरेजांना त्यासाठी नवी हत्यारं आणि नवं प्रशिक्षण घ्यावं लागलं.

आणि मग डोळे आलेत. पुढच्या काचेमागे कॅमेरा, बंपर किंवा ग्रिलच्या मागे रडार. समोरच्या गाडीचं अंतर ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणा यांच्याच भरवशावर चालतात. रडार एका अंशाने जरी तिरकं बसलं, तरी 100 मीटरवर त्याची नजर सुमारे पावणेदोन मीटर बाजूला सरकते. म्हणजे साधारण अर्धी लेन. शेजारच्या लेनमधली गाडी त्याला आपल्या पुढ्यात दिसेल, किंवा पुढ्यातली दिसणारच नाही. म्हणून नवी काच किंवा बंपर बसवल्यावर बऱ्याच गाड्यांची ही नजर पुन्हा जुळवावी लागते. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. सपाट जागा, ठरावीक अंतरावर मांडलेले फलक, कधी रस्त्यावर गाडी चालवून घेतलेली चाचणी, असं ते काम. ही सोय प्रत्येक गॅरेजकडे नसते. मग गाडी दुसरीकडे जाते आणि तिथेही रांग असतेच.

या उशिराबद्दल मी कधी तक्रार करणार नाही. गॅरेजने तो टाळला, तर त्याची किंमत पुढच्या इमर्जन्सी ब्रेकच्या वेळी कळेल.

## एका पार्टसाठी महिना?

होय, लागतो. यातली गोम अशी की गाड्यांचे कारखाने सुटे भाग साठवून ठेवत नाहीत. हवे तेव्हा, हवे तेवढेच मागवतात. टोयोटाने रूढ केलेली ही पद्धत सगळीकडे पसरली. सगळं सुरळीत असतं तेव्हा ती स्वस्त पडते. 2021 च्या मार्च महिन्यात काय झालं ते आठवा. चिप्सचा तुटवडा आधीच होता. 19 तारखेला जपानमधल्या रेनेसासच्या नाका इथल्या चिप कारखान्यात आग लागली. 23 तारखेला एव्हर गिव्हन हे अवाढव्य जहाज सुएझ कालव्यात आडवं होऊन बसलं, ते 29 ला निघालं. कुठल्या तरी चिपवाचून कुठला तरी पार्ट अडला, आणि त्या पार्टवाचून गॅरेजमधली गाडी. भाग कमी असतात तेव्हा गाडी बनवणाऱ्या कंपनीला नव्या गाड्यांची लाइनही चालू ठेवायची असते, आणि सुट्या भागांच्या गोदामाला त्याच साठ्यातून वाटा मिळतो.

गाडी बनवणाऱ्याचा अस्सल भाग येत नसेल तर पर्याय विचारावेत. एक म्हणजे दुसऱ्या उत्पादकाने त्याच मापाचा बनवलेला भाग, दुसरा म्हणजे मोडीत निघालेल्या गाडीतला चांगला भाग. फ्रान्समध्ये तर 1 जानेवारी 2017 पासून काही प्रकारच्या भागांसाठी असा वापरलेला पर्याय ग्राहकापुढे ठेवणं दुरुस्ती करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. माझं मत विचाराल तर दरवाजा, आरसा, टेललाइट वापरलेली चालेल. एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग यांत अशी तडजोड मी करणार नाही, महिनाभर थांबावं लागलं तरी.

आणि गाडी चालवण्याजोगी असेल, तर पार्ट हातात आल्याशिवाय ती गॅरेजमध्ये लावूच नका. पाहणी करून घ्या, ऑर्डर द्या आणि गाडी घेऊन जा. पण दिवे नीट लागतात का, चाक कुठे घासतंय का, गळती आहे का, एअरबॅगचा इशारा पेटलाय का, हे आधी मेकॅनिककडून पाहून घ्या. यातलं एक जरी चुकलं असेल तर गाडी हलवायची नाही.

## "चूक समोरच्याची, मग माझी पॉलिसी मी का वापरू?"

वापरलीच पाहिजे असं नाही. तुमच्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळत असेल, तर तुमच्यापुढे दोन वाटा असतात आणि दोन्हींचा वेग वेगळा असतो.

समोरच्याच्या कंपनीकडे गेलात तर लक्षात ठेवा, तिचा करार तुमच्याशी नाही. आपला ग्राहक चुकला हे तिला पटेपर्यंत ती पैसे सोडत नाही. पोलिसांचे कागद, साक्षीदार, कॅमेऱ्याचं चित्रण, सगळं जमेपर्यंत गाडी तशीच. देशादेशांत हा मार्ग वेगवेगळा आहे, काही ठिकाणी तो थेट न्यायाधिकरणातूनच जातो. स्वतःच्या कंपनीकडे गेलात तर चूक कोणाची याची वाट न बघता काम सुरू होऊ शकतं. तुम्हाला पैसे दिल्यावर तुमच्या जागी उभं राहून ते समोरच्याकडून वसूल करण्याचा हक्क तुमच्या कंपनीला मिळतो. त्याला सब्रोगेशन म्हणतात. फक्त तुमच्या खिशातून गेलेली सुरुवातीची ठरलेली रक्कम, जिला गॅरेजवाले फाइल चार्ज म्हणतात, त्या वसुलीतून परत मिळेल का, आणि क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाईल का, हे आधी विचारून घ्या.

कुठल्याही वाटेने जा, गाडी पूर्ण उघडून झाल्याशिवाय "पूर्ण व अंतिम तडजोड" अशा कागदावर सही करू नका. बंपरमागचं सापडायच्या आधी सही केलीत, तर ते नुकसान तुमच्या गळ्यात पडेल.

## कपात आणि टोटल लॉस

जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसला की तुमची गाडी अपघाताआधीपेक्षा थोडी वरचढ होते. तो फरक कापण्याला घसारा म्हणतात. भारतातल्या साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर 50 टक्के कापतात, काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांवर पहिले सहा महिने शून्य, मग वयाप्रमाणे वाढत दहा वर्षांनंतर 50 टक्के. घसारामाफीची जोड घेतली असेल तर हे टळतं. आता बंपर, ग्रिल, हेडलाइटचं कवच, सगळंच प्लॅस्टिकचं. त्यामुळे समोरून लागलेल्या छोट्या धडकेतही तुमचा वाटा मोठा निघतो. तो आकडा गाडी न्यायला गेल्यावर पहिल्यांदा कळतो, तिथे वाद होतो आणि तयार गाडी आणखी चार दिवस थांबते. एस्टिमेट मंजूर होतं त्याच दिवशी विचारा, "यातले मी किती भरायचे?"

दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या फार जवळ गेली तर कंपनी दुरुस्तीऐवजी गाडीची किंमत देते. तो टोटल लॉस. भारतात दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या 75 टक्क्यांपुढे गेला की ही रेषा ओलांडली जाते. जर्मनीत दुसऱ्याच्या चुकीने अपघात झाला असेल, तर तशीच दुसरी गाडी घ्यायला जेवढे पैसे लागतील त्याच्या 130 टक्क्यांपर्यंतची दुरुस्तीही मालकाला ठरावीक अटींवर करून घेता येते, कारण आपलीच ओळखीची गाडी ठेवण्याची त्याची इच्छा तिथे ग्राह्य धरतात. सगळ्यात त्रासाची गाडी असते ती रेषेच्या अगदी जवळची. पहिलं एस्टिमेट रेषेच्या आत, पुरवणी आलं की बाहेर, आणि तोवर निम्मी गाडी उघडलेली. तुमचा आकडा असा काठावर असेल तर कंपनीला तो प्रश्न आजच विचारा.

## "पण मुद्दाम लांबवत असतील तर?"

तसंही होतं. जागा आणि हात पुरणार नाहीत हे माहीत असून गाड्या घेऊन ठेवणारी गॅरेजेस असतात, कारण परत पाठवलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. कंपनीने मजुरीचा दर दाबला असेल तर त्या कंपनीच्या गाड्या मागे पडतात. आणि प्रत्येक वेळी एकेक कागद मागून दिवस ढकलणाऱ्या कंपन्याही असतात. यातलं नेमकं काय चाललंय ते "गाडी कधी मिळेल?" या प्रश्नाने कधीच कळत नाही. त्याला "दोन-तीन दिवसांत" हे एकच उत्तर असतं.

त्याऐवजी विचारा, "गाडी आत्ता नेमकी कशासाठी थांबली आहे, कोणाकडे, आणि कोणत्या तारखेपासून?" उत्तर आलं की ते लिहून त्याच दिवशी गॅरेज आणि कंपनी दोघांना एकाच मेलमध्ये पाठवा: "आज बोलणं झालं त्याप्रमाणे डाव्या हेडलाइटच्या ब्रॅकेटची ऑर्डर 4 तारखेला दिली आहे. ऑर्डर नंबर कळवावा. पुढची माहिती 11 तारखेला घेतो." भाषा साधी ठेवा, राग नको. दोघंही एकच मेल वाचतात म्हटल्यावर मधली फट मिटायला लागते.

माझ्या गाडीचं शेवटचं अडलेलं काम असंच सुटलं. हेडलाइट धरून ठेवणारं प्लॅस्टिकचं एक ब्रॅकेट, तळहाताहून लहान. ते "आलं नाही" म्हणून गाडी उभी. ऑर्डर नंबर मागितला तेव्हा स्टोअरच्या मुलाने रजिस्टर उघडलं, बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबला आणि काही न बोलता आत गेला. परत आला तो हातात ब्रॅकेट घेऊन. नऊ दिवसांपूर्वी आलं होतं, दुसऱ्याच गाडीच्या नंबरखाली नोंदवलेलं. मला त्याचा राग आला नाही, पण त्या नऊ दिवसांचा आला. रोज फोन करत होतो, आणि विचारत होतो चुकीचा प्रश्न.

## थांबायचं किती?

ठिकठिकाणच्या कायद्यांनी कंपनीला घड्याळ लावून दिलं आहे. कॅलिफोर्नियात क्लेम कळवल्याची पोच 15 दिवसांत आणि पुरावे मिळाल्यावर मंजूर की नामंजूर हे 40 दिवसांत सांगायचं असतं. भारतात विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअर 24 तासांत नेमायचा, त्याचा अहवाल 15 दिवसांत घ्यायचा आणि अहवालानंतर 7 दिवसांत निर्णय द्यायचा. ब्रिटनमध्ये 4 मे 2017 पासून घेतलेल्या पॉलिसींना एक अट आपोआप लागू आहे: क्लेमचे पैसे वाजवी वेळेत द्यायचे, नाहीतर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाईही मागता येते.

यातल्या दोन गोष्टी नीट वाचा. एक, निर्णयाचं घड्याळ पुरावे किंवा सर्व्हेअरचा अहवाल मिळाल्यावर चालू होतं. म्हणून सगळे कागद एका दमात द्या आणि "आणखी काही बाकी नाही" असं लेखी घ्या. दोन, ही घड्याळं कंपनीच्या निर्णयाची आहेत. पार्ट किती दिवसांत यावा किंवा रंग किती दिवसांत व्हावा, याला ती लागू नाहीत. मंजुरी मिळाल्यानंतरही गाडी पडून असेल तर कंपनीच्या तक्रार कक्षाशी भांडून फारसं निघत नाही. तिथे गॅरेजशी बोलायला हवं, आणि गॅरेज कंपनीनेच सुचवलेलं असेल तर दोघांशी.

कंपनीच निर्णय देत नसेल तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा, कारण वरचे दरवाजे त्यानंतरच उघडतात. भारतात महिनाभर उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे विनामूल्य जाता येतं. ब्रिटनमध्ये हीच मुदत आठ आठवड्यांची आहे. अशा ठिकाणी तुमचा राग कोणी मोजत नाही, तारखा बघतात. ते मेल तेव्हा उपयोगी पडतात.

## गाडी हातात घेताना

इतके दिवस थांबल्यावर किल्ली मिळाली की माणूस सही करतो आणि निघतो. अर्धा तास थांबा. शक्यतो दिवसाउजेडी जा. बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ते बोट फिरवून बघा. उन्हात तिरकं बघितलं की रंगातला फरक दिसतो. गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट लावा, दोन्ही झोत एका उंचीवर पडायला हवेत. कॅमेरा-रडारच्या कॅलिब्रेशनचा छापील अहवाल मागा. बदललेले जुने भाग कंपनीला द्यायचे असतील, तरी एकदा डोळ्यांनी बघा आणि बिलाशी ताडून घ्या. मग एक फेरी मारा, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं सोडून बघा, गाडी एका बाजूला ओढते का.

माझी ओढत होती, अगदी थोडी, डावीकडे. मी सही न करता परत आत गेलो. चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे ती सरळ जुळवणं, राहून गेलं होतं. त्यांनी ते लगेच करून दिलं, चाळीस मिनिटांत.